चार मंजिरींचा संगम

संगमयंत्राच्या खुर्चीत मंजिरी रेगे संवेदकांची टोपी चढवून बसली होती. आठ वर्षांपूर्वी तिच्या मनाच्या तीन प्रती काढून गुरूच्या तीन चंद्रांवर यंत्रमानवांतून पाठवल्या होत्या. त्या आता परतल्या होत्या. चार मंजिरींची एक मंजिरी करायची होती, आणि ते काम तिच्या नवऱ्याकडे, उदयनकडे आलं होतं.

"सर, सगळ्यांत ताजी प्रत तेवढी ठेवली तर?" सहकारी तबस्सुम इनामदारने विचारलं.

"मग बाकीच्या तिघींची आठ वर्षं पुसली जातील. मूळप्रत म्हणजे त्या दिवशीची मंजिरी. प्रत्येकीची तुलना तिच्याशी करायची. एखादी गोष्ट काहींनी सारखीच बदलली आणि बाकीच्यांनी तशीच ठेवली, तर बदल घ्यायचा. दोघींनी वेगवेगळी बदलली, तर ते दुमत. ते मंजिरीनंच सोडवायचं."

"म्हणजे पृथ्वीवरच्या मॅडम मूळ नाहीत?"

"नाहीत. तीही एक शाखाच."

दुमतं एकोणीस निघाली. मंजिरीने ती हसत हसत सोडवली. मग उदयनने दुमत नसलेल्या बदलांची यादी उघडली. मूळप्रतीत नोंद होती : 'मोहीम संपली की उदयनपासून वेगळं व्हायचं.' चंद्रांवरच्या तिघींनी, एकमेकींशी अक्षरही न बोलता, तो निश्चय सोडला होता. रोज त्याच्यासमोर बसून चहा पिणारीने मात्र नाही.

नियमाप्रमाणे यंत्र तो आपोआप पुसणार होतं. फक्त कळ दाबायची होती.

उदयनने पडदा मंजिरीकडे वळवला. "हे तुला न विचारता करणार नाही."

तिने वाचलं. मग विचारलं, "त्या तिघींनी का सोडला?"

"एकीला माझं बेसूर गुणगुणणं आठवायचं. दुसरीला माझ्याशी घातलेले वाद. तिसरीनं लिहिलंय, कारण सापडत नाही."

"दाबली असतीस तर मला कळलंही नसतं."

"हो."

मंजिरी त्याच्याकडे पाहत राहिली. मग टोपी सारखी करत म्हणाली, "माझी प्रत सकाळची आहे. पुन्हा घे."

तबस्सुमने नवी प्रत घेतली आणि तुलना परत चालवली. ती नोंद आता चौघींनीही बदललेली होती.

"सर, चौघींचं एकमत आहे," ती म्हणाली.

उदयनने डोळे पुसले आणि कळ दाबली.