फोडणीचं जॅकेट

डिसेंबरात जर्मनीतल्या एश्बॉर्नला पाच वाजता मिट्ट काळोख होतो. ऑफिसांच्या काचेच्या इमारती संपून शेतातली पायवाट सुरू झाली की स्वतःचा हातही दिसत नाही. वरून भुरभुर पाऊस. अशात सायकलचे ब्रेक किंचाळले आणि मुक्ता त्याहून जोरात किंचाळली.

"डोळे फुटले का रे मेल्या!"

सायकलवाला चिखलात पाय टेकून उभा राहिला. मग काळोखातून स्वच्छ मराठीत उत्तर आलं —

"डोळे शाबूत आहेत. कुत्रा कुठाय ते दाखवा, मग बोलू."

मुक्तानं खाली बोट दाखवलं. तिथे काहीच नव्हतं... म्हणजे बिब्बा होता, पण काळाकुळकुळीत. चाकापासून वीतभर अंतरावर दोन डोळे तेवढे चमकत होते.

"तुमच्या जॅकेटवर ही एवढी चमकती पट्टी. आणि त्याला काय? स्वतःचा जीव तेवढा प्यारा?"

मुक्ताला असा संताप आला! कारण मेला खरं बोलत होता.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, त्याच जागी तो उभा. हातात हिरवा उजेड देणारा पट्टा.

"श्रीरंग. गिअरबॉक्स डिझाइन करतो. माणसांशी बोलायची फारशी सवय नाही."

"ते कालच कळलं."

पट्टा बांधताना त्याची गार बोटं तिच्या मनगटाला लागली... आणि उगाचच क्षणभर तिथेच राहिली. बिब्बाच्या गळ्यात हिरवं कडं पेटलं, काळोखात तरंगायला लागलं. त्या दिवसापासून श्रीरंग सायकल हातात धरून चालू लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

बिब्बा रोमानियातल्या रस्त्यावरून आलेला. कचऱ्याच्या डब्याचं झाकण पडलं तरी थरथरायचा. म्हणून मुक्ता त्याला दोन दोऱ्या बांधायची, एक गळ्यातल्या पट्ट्याला, एक अंगातल्या हार्नेसला.

"कुत्रा आहे की कैदी?" श्रीरंगनं चिडवलं.

"भित्रा कुत्रा उलट्या पावली मागे सरकतो आणि पट्ट्यातून डोकं काढून घेतो. हार्नेसमधून नाही निसटत. कळलं, इंजिनियर?"

"गेनाऊ, मॅडम. अगदी बरोबर."

पण कळलं नव्हतं. तीस डिसेंबरला ती मफलर बांधायला थांबली तेव्हा दोऱ्या त्याच्या हातात होत्या. त्यातली एक सायकलच्या पेडलमध्ये अडकली, म्हणून त्यानं हार्नेसची कडी सोडली. एका मिनिटासाठी. आणि नेमकं तेव्हाच त्याला बोलायचं सुचलं.

"मुक्ता, रागावू नकोस... तुझ्या जॅकेटला फोडणीचा वास येतो. मी माझं प्लॅस्टिकच्या कव्हरात ठेवतो, बेडरूममध्ये, दार लावून. एकदा मीटिंगला मी आत आलो आणि एकानं खिडकी उघडली. तेव्हापासून."

"खिडकी त्यानं उघडली आणि कव्हरात तू जाऊन बसलास?" मुक्ता कडाडली. "अरे, घरात जेवतो आपण! चोरी करतो का?"

धडाम्! नववर्षाचा फटाका कुणाला एक दिवस आधीच उडवायचा होता. बिब्बा मागे सरकला. एकदा, दोनदा...

श्रीरंगच्या हातात हिरवं कडं लोंबत होतं. रिकामं. आणि शेतापलीकडे आउटोबानवर गाड्या घोंगावत होत्या.

"बिब्बा!" तो ओरडत धावला. मुक्तानं त्याची कॉलर धरून मागे खेचलं.

"हाक नाही, धावणं नाही. आत्ता त्याला तूही वाघ वाटतोस."

श्रीरंगनं एश्बॉर्नच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज टाकला. पंधरा मिनिटांत मंडळाच्या शैलाताई आणखी पाच जणांना घेऊन हजर. सगळ्यांच्या हातात टॉर्च, सगळ्यांच्या तोंडी "बिब्बाऽऽ, ये रे बाळा!"

"टॉर्च बंद करा! आणि तोंडंही!"

"अगं, मग काळोखात शोधायचा कसा?" शैलाताई म्हणाल्या.

"आपण नाही शोधायचं, ताई. त्यानं आपल्याला शोधायचं. तुम्ही सगळे आउटोबानच्या बाजूला लांब लांब उभे राहा, गप. तिकडे गेला तर संपलं."

आणि सहा मराठी माणसं अर्धा तास एकही शब्द न बोलता उभी राहिली. एश्बॉर्नमध्ये असं कधी झालं नव्हतं.

मुक्तानं जॅकेट काढलं आणि ओल्या गवतावर पसरलं. वारा शेताकडे वाहत होता. मोहरी, हिंग, लसूण, कढीपत्ता. रोज सकाळी बिब्बा ओट्याखाली बसून याच वासानं शिंकायचा. त्याच्यासाठी घर म्हणजे हा वास.

दोघं शेताकडे पाठ करून बसले. श्रीरंगनं आपलं जॅकेट तिच्या खांद्यावर टाकलं.

"याला कसलाच वास नाही," ती कुजबुजली.

"माहितीय." मग हातातलं विझवलेलं कडं फिरवत — "दोरी मी सोडली."

"हो. तूच सोडलीस."

"तो आला नाही तर तू माझं तोंड बघणार नाहीस."

"नाही."

"म्हणून आत्ताच सांगतो. माझं प्रेम आहे तुझ्यावर. तो आल्यावर सांगणं फार सोपं झालं असतं."

त्याचा गारठलेला हात मुक्तानं स्वतःच्या बाहीत ओढून घेतला. डोळ्यांतलं पाणी पुसायला तिला दुसरा हात होता.

मागे गवत सळसळलं... थांबलं... पुन्हा सळसळलं. मग एक शिंक!

दोघांपैकी कुणी वळलं नाही. बिब्बा जॅकेटवर तीनदा गोल फिरला आणि टोपीत नाक खुपसून आडवा झाला. मुक्ताचा हात इंच इंच मागे सरकला. हार्नेसची कडी — खट्. मग गळ्यातला पट्टा. काळोखात हिरवं कडं पेटलं.

आउटोबानच्या बाजूनं त्यांनी ते पाहिलं. बिब्बा बिचकेल म्हणून टाळ्या न वाजवता सहा जणांनी बारा हात आभाळात नाचवले. शैलाताई तर जागच्या जागी उड्या मारत होत्या.

मुक्तानं जॅकेट उचललं. चिखल, कुत्र्याचे केस आणि फोडणी. श्रीरंगनं ते तिच्या हातातून घेऊन अंगात चढवलं. बाह्या जेमतेम कोपरापर्यंत आल्या.

"एस-बान लोकलमध्ये लोक खिडक्या उघडतील," ती म्हणाली.

"उघडू देत. त्यांनाच थंडी वाजेल."

ती खळखळून हसली. हार्नेसची दोरी तिनं स्वतःच्या मनगटाला गुंडाळली, पट्ट्याची त्याच्या हातात दिली.

"ही सोडलीस तर बघ."

"नाही सोडणार. पण... माझं उत्तर?"

"उद्या सकाळी पोह्यांना ये," मुक्ता म्हणाली. "आणि येताना ते प्लॅस्टिकचं कव्हर कचऱ्यात टाकून ये."