झाडाचे ठोके

दवाखान्यातली नोकरी सुटली तरी हाताची सवय सुटत नाही. अडतीस वर्षं मी कंपाउंडर होतो. बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवल्या, पुड्या बांधल्या आणि डॉक्टर येईपर्यंत बाकावरच्या माणसांच्या नाड्या मोजून ठेवल्या. आमचे थोरले डॉक्टर म्हणायचे, "पाव मिनिट मोजून चारनं गुणतो तो कारकून. पूर्ण मिनिट मोजतो तो कंपाउंडर." तेव्हापासून माझ्या हाती मनगट लागलं की मिनिटभर सुटका नाही. नव्या शेजाऱ्याचा हात हातात घेतला तरी माझी दोन बोटं आपोआप नाडीकडे सरकतात. तो बिचारा समजतो, म्हातारा फारच जिव्हाळ्याचा.

दुसरी सवय थापांची. आजारी माणसांना हसवायला सुरू केली आणि मग व्यसनच लागलं. दवाखान्यातल्या हाडांच्या सांगाड्याला थंडीत सर्दी होते, हे मी इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगत असे की एका बाईंनी त्याच्यासाठी मफलर विणून आणला होता. बायको म्हणते, "तुमचं निम्मं खरं धरायचं, आणि ते निम्मंसुद्धा दुसऱ्या कुणाला विचारून."

म्हणूनच ही हकीकत मी तिला सांगू शकलो नाही.

मागच्या हिवाळ्यात तिच्या हृदयानं थोडी कुरकुर केली. मधूनच एखादा ठोका गाळायला लागलं. दवाखाना आता थोरल्या डॉक्टरांची लेक चालवते. तिनं गोळ्या दिल्या आणि रोज संध्याकाळी तासभर मोकळ्या हवेत स्वस्थ बसायला सांगितलं. आमच्या मागच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. पुढे तारेचं कुंपण, त्यापलीकडे आटलेला ओढा आणि ओढ्याच्या काठावर एकच मोठं झाड. उन्हाळा तापला तसे आम्ही त्या पायऱ्यांवर बसू लागलो आणि काजव्यांची वाट बघू लागलो. पैज अशी की पहिला काजवा ज्याला दिसेल त्यानं बसून राहायचं, दुसऱ्यानं चहा करायचा.

"तो बघ!"

"कुठे?"

"गेला."

"न दिसलेल्या काजव्यांवर आजवर अकरा कप चहा प्यायलात," असं म्हणत ती उठायची. उठायची मात्र.

आठवड्याभरात काजवे इतके वाढले की पैजेत राम उरला नाही. अख्खं झाड एकदम उजळायचं, एकदम विझायचं. काजवे असा ताल धरतात हे मला ठाऊक होतं. त्यात नवल नव्हतं.

एका संध्याकाळी साडेसातच्या सुमारास मी नेहमीप्रमाणे तिचं मनगट धरलं. दगडी पायरी अजून गरम होती. शेजारच्या नळाचं पाणी बादलीत ठिबकत होतं. मी मोजत गेलो. शहात्तर झाले, घड्याळातलं मिनिट संपलं आणि माझ्या लक्षात आलं की ठोके मी बोटांनी मोजलेच नव्हते. झाडाकडे बघत मोजले होते. आणि बोटांना कुठेही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं.

योगायोग, मी मनात म्हटलं. असतात योगायोग.

दुसऱ्या दिवशी तिला म्हणालो, "अगं, माळ्यावरून जरा माझा चष्मा आणतेस?"

"चष्मा डोळ्यांवर आहे तुमच्या."

"दुसरा."

"दुसरा कधी घेतलात?" कुरकुरत ती गेली. माळ्याच्या शिडीला नऊ पायऱ्या आहेत. मी झाडाकडे बघत राहिलो. तिसऱ्या-चौथ्या पायरीची करकर ऐकू आली आणि झाड घाईला आलं. लखलख, लखलख. ती वर थांबली तसं जरा सावकाश झालं. उतरताना पुन्हा भरभर. ती बाहेर येऊन धापा टाकत बसली तेव्हा मी मनगट धरलं. अठ्ठ्याण्णव. प्रत्येक ठोका बोटाखाली आणि समोर, एकाच वेळी.

मग तिच्या हृदयानं एक ठोका गाळला.

झाड तेवढा एक ठोका काळंच राहिलं.

"हात का गार पडला तुमचा?" तिनं विचारलं.

मी स्वतःची नाडी पाहिली. चौसष्ट. माझ्या नाडीचा झाडाशी काही संबंध नव्हता.

सकाळी तिला दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी तारा लावून कागदी पट्टी काढली, उलटसुलट पाहिली.

"काकू ठणठणीत आहेत. काका, तुमचाच चेहरा उतरलाय."

"काजवे किती दिवस टिकतात गं?"

"हा काय प्रश्न! पंधरा दिवस, फार तर वीस. का?"

"सहज."

"नवीन थाप जुळवताहेत," बायको चप्पल घालता घालता म्हणाली. दोघी हसल्या. मीही हसलो.

घरी येऊन कॅलेंडर पाहिलं. पहिला काजवा दिसल्याला बारा दिवस झाले होते.

पंधराव्या दिवशी झाडाचा शेंडा काळा राहिला. सोळाव्याला डावी बाजू. ठोके तेवढेच होते, पण बोटाखालचा जोर उतरत होता. दवाखान्यात अशी नाडी लागली की मी निरोप न पाठवता स्वतः आत धावायचो. डॉक्टरांना म्हणायचो, सुतासारखी लागतेय. इथे धावणार कुठे? आणि जिची नाडी सुतासारखी, ती बाई शेजारी बसून वाटाणे सोलत होती, गुणगुणत होती, मधूनच माझ्या तोंडात एक दाणा टाकत होती. दम नाही, चक्कर नाही. ओठसुद्धा लाल.

अठराव्या दिवशी एकच फांदी उरली.

"तुम्हाला झालंय तरी काय?" तिनं विचारलं. "चार दिवस एकही थाप नाही. मला भीती वाटायला लागलीये."

सांगावं असं वाटलं. तोंडही उघडलं. पण ती आधीच हसायच्या तयारीत होती.

विसाव्या संध्याकाळी तीन काजवे होते. नंतर दोन. नंतर एक.

तो एकटाच झाड सोडून कुंपणावर येऊन बसला. मी गोळ्यांची रिकामी बाटली घेऊन उठलो.

"अहो, काय करताय?"

"काही नाही."

"सोडा त्याला. जगेल तेवढा जगेल."

मी त्याला बाटलीत घेतलं, झाकणात सुईनं आधीच भोकं पाडून ठेवली होती. पायरीवर बसून डाव्या हातात बाटली धरली आणि उजव्या हातात तिचं मनगट. काजवा काचेवर धडपडू लागला. उजेड थरथरला. बोटाखालचं सूतही थरथरलं, गाठी पडल्यासारखं.

मी झाकण काढलं.

तो बाहेर आला. पायरीवरून तिच्या पदरापर्यंत चालत गेला. एकदा उजळला. बऱ्याच वेळानं पुन्हा एकदा.

मग नाही.

मी बोटं दाबली. सरकवली. अडतीस वर्षांत जी जागा कधी चुकली नाही, ती शोधत राहिलो. मग तिच्या गळ्याला हात लावला, जबड्याखाली, जिथे शेवटी बघतात.

काही नव्हतं.

"काय हो, सापडेना?" तिनं मान माझ्याकडे वळवली. "म्हातारे झालात. चला, आज चहा तुमच्याकडे."

मी उठलो. चहा केला. तिनं तो प्यायला, साखर कमी आहे म्हणाली.

त्याला आता चार महिने झाले. ती खाते, भांडते, माळ्यावर चढते. धाप लागत नाही. तपासणीची तारीख आली की मी काहीतरी कारण काढून ती पुढे ढकलतो. थापांच्या पुण्याईवर आजवर निभावलं. संध्याकाळी ती नेमानं हात पुढे करते. मी मनगट धरतो, घड्याळाकडे पूर्ण मिनिट बघतो आणि म्हणतो, "बहात्तर."

"बरं झालं," ती म्हणते.

काल तिनं हात पुढे केला नाही. तिनं माझंच मनगट ओढून घेतलं.

"रोज माझीच काय? मलाही येतं, इतकी वर्षं बघतेय."

तिनं दोन बोटं बरोबर जागेवर ठेवली. घड्याळाकडे बघत राहिली. बोटं जराशी सरकवली, दाबली, परत सरकवली. मिनिट संपलं. तिनं मान वर केली आणि माझ्या डोळ्यांत न बघता, माझ्याच सुरात म्हणाली,

"बहात्तर."