बाटलीला कुलूप

खाली लिहिलेला शब्द न् शब्द खरा आहे. यात तिखटमीठ नाही, ऐकीव भाग नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं, त्याने स्वतः, डोळ्यांत पाणी आणून सांगितलेली ही हकीकत आहे.

या माणसाने आपल्या गाडीचं ॲव्हरेज आजवर कुणाला खरं सांगितलेलं नाही, ही गोष्ट वेगळी.

वेळ शनिवार दुपारची. उन्हं कलायला लागलेली. असल्या गोष्टी मध्यरात्री घडायला हव्यात हे मान्य. पण रात्रीच्या जेवणानंतर नवऱ्याने घराबाहेर पडलेलं त्याच्या बायकोला खपत नाही, त्यामुळे भुतालाही वेळ जुळवून घ्यावी लागली.

जागा म्हणजे वस्तीच्या टोकाची एक पत्र्याची शेड. आत एकच गाडी.

ती गाडी थोरल्यांची.

थोरले म्हणजे त्याचे साडू, बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. हा धाकटा. सासूबाई दोघांनाही ‘अहो’च म्हणायच्या, फक्त थोरल्यांना म्हणताना खुर्चीतून उठायच्या.

धाकटा फरशीच्या कंपनीत हिशेब बघायचा. सुट्टीच्या दिवशी दोघेही शर्यतीला जात. शर्यत सरळ रेषेतली. जुन्या, बंद पडलेल्या विमानतळाची धावपट्टी, दोन गाड्या शेजारी शेजारी, दिवा हिरवा झाला की सुटायचं, आणि नीट श्वास घेईपर्यंत सगळं संपलेलं. वळण नाही, ब्रेकचं कौशल्य नाही. तरी थोरले दरवेळी पुढे.

फार नाही. पापणी लवावी एवढेच.

पण दरवेळी.

धावपट्टीच्या कडेला एक काळा फळा होता. सगळ्यांत कमी वेळ काढणाऱ्याचं नाव त्यावर ऑइलपेंटने रंगवलेलं असे. तिथे थोरल्यांचं नाव इतकी वर्षं होतं की रंगाला तडे गेले होते. धाकट्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. त्या जागी आपलं नाव. मग तडे गेले तरी चालतील.

थोरले कधी बढाई मारत नसत. हेच जास्त झोंबायचं. धाकटा काही बोलायला लागला की ते वाद घालत नसत. नाकातून नुसती हवा सोडत.

फुस्स.

संपला विषय.

मग थोरले वारले. गाडीत नव्हे. अंघोळ करून बाहेर आले, खांद्यावर टॉवेल, “चहा टाक” म्हणाले आणि गेले. धाकट्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्याचबरोबर, लाज बाजूला ठेवून सांगायचं तर, थोडं हलकंही वाटलं.

ते फार दिवस टिकलं नाही. जिवंत माणसाचा हेवा करण्यात एक सोय असते. तो कधीतरी चुकतो, म्हातारा होतो, त्याचं पोट सुटतं. मेलेला माणूस यातलं काहीच करत नाही. उलट दिवसेंदिवस सुधारत जातो. महिन्याभरात थोरले प्रेमळ झाले. पुढच्या महिन्यात विनोदी झाले. सहा महिन्यांत तर ते गात होते असंही निघालं.

“भाऊजी असते तर नळ एव्हाना दुरुस्त झाला असता,” बायको म्हणायची.

ती थोरल्यांसाठी हुंदके देऊन रडली होती. आपण गेल्यावर ही एवढी रडेल का, हा प्रश्न धाकट्याला तेव्हापासून जेवताना सुद्धा पडायचा.

ताईंनी, म्हणजे थोरल्यांच्या बायकोने, गाडी त्यालाच दिली. “यांच्यानंतर तुम्हीच चालवा. तुम्हाला नाही जमली त्यांच्यासारखी तरी चालेल.”

ताईंचा हेतू चांगला होता. म्हणूनच तर त्याने त्याच आठवड्यात मेकॅनिकला बोलावलं.

या मेकॅनिकला सगळे टर्बो म्हणत. एकदा बोलायला लागला की थांबवण्याची सोय त्याच्यात नव्हती. थोरल्यांची गाडी आधी तोच बघायचा.

“नायट्रसचा गॅस लाव,” धाकटा म्हणाला.

टर्बोने पाना खाली ठेवला. “या गाडीला? साहेब, थोरले म्हणायचे, गॅस लावून जिंकणं म्हणजे शेजाऱ्याचा पेपर बघून पास होणं.”

“थोरले आता म्हणत नाहीत ना? मग लाव.”

डिकीत निळी बाटली बसली. तिथून इंजिनापर्यंत पाइप गेला. स्टिअरिंगवर लाल बटण आलं. टर्बोने भाषण दिलं ते थोडक्यात असं: हा गॅस स्वतः जळत नाही, जळणाऱ्याला जोर पुरवतो. धाकट्याला गॅस लगेच आवडला.

“बाटलीचा व्हॉल्व्ह हाताने उघडायचा. विसरायचं नाही. मग सुटायच्या आधी हे छोटं बटण दाबायचं, पाइपातली हवा बाहेर जाते. आवाज आला म्हणजे गॅस तोंडाशी आला. मोठं बटण दाबलं की गॅसबरोबर पेट्रोलही जास्तीचं जातं. गॅस नसताना दाबलंत तर नुसतं पेट्रोल जाईल आणि गाडी गुदमरून जागीच बसेल. कळलं?”

“कळलं. या गाडीने मी थोरल्यांना असा मागे टाकतो की...”

फुस्स...

दोघांनी डिकीकडे पाहिलं.

“गळतंय,” धाकटा म्हणाला.

टर्बोने व्हॉल्व्ह पाहिला. घट्ट बंद. सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा नाही.

“पाइपात गॅस सोडलेलाच नाही अजून,” तो म्हणाला. आणि मग, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, गप्प बसला.

पुढच्या शनिवारी धाकटा एकटाच शेडवर गेला. बरोबर घरातला वजनकाटा घेतला. बाटलीत किती गॅस उरलाय ते वजनावरून कळतं. “आता बाहेर जाऊन वजन करता?” बायकोने विचारलं. “इथे आकडा कमी येतो का?”

शेडला बाहेरून कुलूप होतं. त्याने ते उघडलं.

आत सगळं जागच्या जागी.

बाटली काट्यावर ठेवली...

हलकी. चांगलीच हलकी.

व्हॉल्व्ह बंद होता. गाडीला कुणी हात लावलेला दिसत नव्हता. तो खात्री करायला सीटवर बसला, पट्टे ओढले.

पट्टे सैल होते.

त्याने ते गेल्या खेपेला स्वतःच्या मापाने आवळले होते. आता दोन्ही खांद्यांवरून ते असे लोंबत होते, जणू त्याच्यापेक्षा वीतभर उंच, रुंद छातीचा माणूस नुकताच उठून गेला असावा. थोरले उंच होते. याचा उल्लेख घरात नेहमी व्हायचा.

तो खाली उतरला. इंजिनावर हात ठेवला. गार.

मग, का कोण जाणे, खाली वाकला आणि मागच्या टायरवर हात ठेवला...

टायर गरम होता.

उन्हाने तापतो तसा नव्हे. पळून आल्यावर असतो तसा. बोटांना रबर चिकटत होतं.

इथे दुसरा कुणी असता तर ओरडत पळत सुटला असता. धाकट्याच्या अंगावर काटा आला, हे खरं. पण त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा:

याने वेळ किती काढला असेल?

आणि दुसरा विचार त्याहून कडू होता. जन्मभर गॅसला नाक मुरडणारा हा माणूस मेल्यावर चोरून गॅस मारतोय. तोही माझा. आणि हे मी कुणाला सांगू शकत नाही. सांगितलं तर बायको म्हणेल, बघा, भाऊजी अजूनही सराव करतात.

त्याने बाटली पुन्हा भरून आणली. घरून सायकलची साखळी आणि पितळी कुलूप आणलं. व्हॉल्व्हच्या चाकाभोवती साखळीचे वेढे दिले, चाक तसूभर फिरणार नाही असं कुलूप ठोकलं. वर चिकटपट्टी गुंडाळली, चिकटपट्टीवर सही केली. हिशेबातला माणूस. सही केल्याशिवाय त्याला काही बंद झाल्यासारखं वाटत नसे.

“आता घ्या,” तो रिकाम्या शेडला म्हणाला.

शेड काही बोलली नाही. पत्रा मात्र एकदा वाजला. वारा नव्हता.

शर्यतीच्या दिवशी लख्ख ऊन होतं. ताई आल्या होत्या. बायको आली होती. टर्बो तर पहाटेपासून सगळ्यांना सांगत फिरत होता की गाडी त्याने बनवलीय.

“सावकाश चालवा,” बायको म्हणाली.

“शर्यत आहे ती.”

“तरी.”

“भाऊजींना म्हणायचीस का असं?”

“त्यांना कशाला म्हणू? त्यांना येत होती.”

या एका वाक्याने धाकट्याच्या डोक्यात जे काही व्यवस्थित लावून ठेवलेलं होतं ते सगळं सांडलं. तो दार आपटून गाडीत बसला. पट्टे आवळले. इतके आवळले की श्वास अडकला. गाडी रेषेवर आणली. छोटं बटण दाबलं.

फुस्स...

स्पष्ट. जवळून. गॅस आला. पांढरी वाफ उडायला हवी होती ती दिसली नाही, पण ऊन डोळ्यांवर होतं.

दिवा हिरवा झाला.

त्याने ॲक्सिलरेटर तळाला टेकवला आणि लाल बटण दाबलं.

पुढचं त्याला नीट सांगता येत नाही. पाठीत कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलल्यासारखं झालं, एवढं तो सांगतो. धावपट्टी अरुंद झाली. आवाज बंद झाला. गियर बदलला, पण कधी बदलला ते आठवत नाही. हात स्टिअरिंगवर होते, पण स्टिअरिंग त्याच्या हातात होतं असं काही तो शपथेवर सांगायला तयार नाही.

मग ब्रेक. मग शांतता.

टर्बो धावत आला. मागे लोक आरडाओरडा करत होते. फळ्यावरचा वेळ मोडला होता. पापणी लवावी एवढ्याने नव्हे, चांगला सणसणीत!

“साहेब!” टर्बोच्या डोळ्यांत पाणी होतं. “सुरुवात बघून मला थोरलेच दिसले! तोच हात, तेच सुटणं! डिट्टो!”

“मी चालवली,” धाकटा म्हणाला.

“हो हो. चालवलीत तुम्हीच.”

धाकटा उतरायला गेला. पट्टे सोडायची गरजच पडली नाही.

ते त्याच्या अंगावरून आपोआप घसरून खाली पडले. वीतभर सैल.

टर्बोने सवयीने डिकी उघडली, व्हॉल्व्ह बंद करायला. आणि तो तसाच वाकलेला राहिला.

“साहेब... इकडे या.”

साखळी होती. पितळी कुलूप होतं. वर चिकटपट्टी, तिच्यावर सही. सगळं जसंच्या तसं.

रागाच्या भरात तो व्हॉल्व्ह उघडायलाच विसरला होता.

“म्हणजे गॅस गेलाच नाही,” टर्बो हळू आवाजात म्हणाला. “नुसतं पेट्रोल गेलं. साहेब, गाडी गुदमरायला हवी होती. रेषेवरच बसायला हवी होती ती. आणि मघाशी तो आवाज कसला आला?”

मागे ताई उभ्या होत्या. त्या कुलुपाकडे बघत नव्हत्या. ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे बघत होत्या.

“यांच्या साबणाचा वास येतोय,” त्या म्हणाल्या.

धाकटा घाबरला, नाही असं नाही. पण त्या भीतीत जुनी, ओळखीची जळजळही होती. आयुष्यात एकदा वेळ मोडला आणि तोही याने नाही. त्यांचा विक्रम त्यांनीच मोडला. हा नुसता आत बसला होता. सामानासारखा.

पण मग त्याने विचार केला: जगाला काय माहीत? फळ्यावर नाव तर माझंच लागणार. भूत काही सही करायला येत नाही.

तो वेळ मोजणाऱ्या काकांकडे गेला. काका निवृत्त पोस्टमास्तर. रंगाचा डबा उघडून बसलेच होते.

“अभिनंदन,” काका म्हणाले आणि फळ्याची दुसरी बाजू फिरवली.

“तिकडे नाही, काका. इकडे. थोरल्यांच्या जागी.”

“ती बिनगॅसच्या गाड्यांची यादी. तुमची गाडी गॅसची. वर्ग वेगळा.”

“पण गॅस वापरलाच नाही! हवं तर बघा, बाटलीला कुलूप आहे!”

“कुलूप?” काकांनी चष्मा वर केला. “कुणी चोरतं का इथे?”

धाकट्याने तोंड उघडलं. बायको बघत होती. ताई बघत होत्या. त्याने तोंड मिटलं.

“बाटली बसवली की वर्ग बदलला,” काका म्हणाले. “आत काय होतं ते आम्ही बघत नाही.”

“तुला माहीत होतं?” त्याने टर्बोला विचारलं.

“सगळ्यांनाच माहीत आहे, साहेब. मला वाटलं तुम्हालाही असेल.”

त्या दिवसानंतर त्याने बाटली काढून टाकली. गाडी शेडमध्येच असते. तो शनिवारी जातो, धूळ झटकतो, आणि टायरला हात न लावता परत येतो. गरम असतील तर काय, ही भीती आहेच. गार असले तर जास्त वाईट वाटेल, असं तो एकदा बोलून गेला.

थोरल्यांचं नाव फळ्यावर अजून पहिलं आहे. मागच्या बाजूला, गॅसच्या यादीत, धाकट्याचंही पहिलं आहे. तिथे गॅसची दुसरी गाडी कुणाकडेच नाही.