रिहाईचा रकाना

कोळशावर चालणारी सर्व्हिस मोटार उमरग्याकडं निघायची, तेव्हा बलभीम आधी कपाळाला बुक्का लावायचा, मगच इष्टेरिंगला हात. गळ्यात तुळशीची माळ. एकादशीच्या कीर्तनात बुवांच्या मागं टाळ घेऊन धृपद धरायला तोच. त्याचा आवाज चढला की बायाबापड्यांचे डोळे भरून यायचे. असल्या माणसाला पिऊन मोटार हाकली म्हणून धरावं, म्हणजे नशीबच म्हणायचं!

झालं होतं एवढंच, की टपावरचं कुणाचं तरी शिंदीचं मडकं फुटलं आणि खाली बलभीम चिंब भिजला. वाटेतल्या चौकीवर जमादारानं वास घेतला. रोजनामच्यात 'खोरदाद, सन १३५३ फसली' अशी निजामी तारीख घालून नाव चढवलं, अंगठा घेतला, हवालातीत बसवलं. सकाळी टपावर खापऱ्या सापडल्या, तसा त्याला सोडला.

"माझी सुटका लिवा की," बलभीम म्हणाला.

कारकून हणमंतप्पा हसला. "गुन्हा न्हाय, खटला न्हाय. मग रिहाई कशाची लिवू, माळकरी? अटकेचा रकाना भरला तो भरला. पळा घरला."

घरी द्वारकाबाई चुलीपुढं होती. त्यानं बायकोला सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही. रागावली असंल, असं त्याला वाटलं. पारावरही तेच. रामराम घातला तरी माणसांचं बोलणं आपलं पुढं चालू. दारुड्याचा शिक्का बसला की गाव असंच वागणार, हे त्याला कळत होतं. पण द्वारकाबाई रोज सकाळी भाकरी फडक्यात बांधून कुठंतरी जायची आणि मागं टोपलं रिकामं असायचं, हे मात्र जिव्हारी लागलं.

चौथ्या दिवशी एकादशी. दुपारच्या कीर्तनाला तो ओळीत आपल्या जागी उभा राहिला. कुणी हटकलं नाही. त्यानं जीव ओतून धृपद धरलं.

बुवा थांबले. मागं वळले. त्यांची नजर त्याच्या तोंडावरून सरकत पुढं गेली.

"बलभीमाबिगर लई सुनं वाटतंय बाबांनो," ते म्हणाले.

बलभीमाच्या हातातले टाळ फरशीवर पडले. आवाज झाला नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत त्यानं चौकी गाठली. हणमंतप्पा लिहीत होता.

"हणमंतप्पा, पाया पडतो. तेवढी रिहाई लिवा."

"कुणाची?" टाक चालूच.

"बलभीमाची."

"ते जमादारसायबाला इचारा. कैदी आत हाय. भेटायचं तर गजापाशी जावा."

गजापाशी द्वारकाबाई बसली होती. फडकं सोडून ती भाकरीचा तुकडा मोडत होती, आत देत होती. आतल्या अंधारातला एक हात तो घेत होता. अंगठ्याला अजून शाई होती.

"काल बुवांनी तुमची लई सय काढली," ती म्हणाली.

आत कुणीतरी हसलं. मग हळूच धृपद धरलं. आवाज चढत गेला, आणि द्वारकाबाईनं डोळ्याला पदर लावला.

"द्वारके," बलभीमानं हाक मारली.

गाणं थांबलं. "तुझ्या मागं कुणी उभं हाय का?" आतून विचारलं.

ती वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिनं त्याच्याकडं तोंड केलं. उन्हाला हात आडवा धरून नीट बघितलं.

"न्हाय बाई, कुणीच न्हाय," ती म्हणाली आणि गजाला आणखी चिकटून बसली. "म्हणा की तुम्ही."