कमानीखालून एक खुर्ची

कमान कशी दिसते ते पाहायला मी दोन पावलं मागे सरकले आणि थेट एका व्हीलचेअरमध्ये जाऊन बसले!

धंतोलीतल्या त्या दवाखान्यात लहान मुलांच्या विभागाचं उद्‌घाटन होतं. मी दामिनी, फुग्यांची सजावट करणारी. हुडकेश्वरला नवीन दुकान थाटलेलं आणि अंगात मस्ती भरपूर. मागून आवाज आला,

“बसल्याच आहे तर उठू नका, मॅडम. एक चक्कर मारून घेऊ.”

खुर्ची ढकलणारा प्रशिक होता, तिथला सुरक्षा सुपरवायझर. त्यानं मला कमानीखालून सरळ आरपार नेलं. माझी दोन्ही कोपरं फुग्यांना घासली.

“पाहा, पेशंटचा हात अडकून राहिला. अजून एक हात रुंद करा. खाली वाळूच्या पिशव्या वाढवा. अन् बाहेर जायची पाटी झाकली, तिथले फुगे काढा.”

“फुगे आहेत हो, दगड नाहीत!”

“फुगे नाही लागत कोणाले, मॅडम. आतली दांडी लागते.”

मला भयंकर राग आला. तेवढ्यात तो हसला आणि त्याच्या गालावरची खळी दिसली, हे जास्त वाईट झालं.

पुढे वर्षभर त्या दवाखान्यात काही ना काही असायचंच – कधी रक्तदान शिबिर, कधी कुणाचा सत्कार. कमान उभी राहिली की प्रशिक खुर्ची घेऊन हजर. मी बसायचे, तो ढकलायचा. जेमतेम दहा पावलांचा प्रवास! मी कमानी मुद्दाम लांब करायला लागले.

“कमान लांब काहून होऊन राहिली?”

“तुले काय त्रास? ढकल.”

“त्रास नाही...” तो खुर्चीमागून हळूच म्हणाला. “आईले सांगितलं मी. म्हटलं, एक पोरगी आहे, चांगली चालती-फिरती, तरी मले ढकलायले लावते.”

“मग... काय म्हणे आई?”

“म्हणे, घरी घेऊन ये. पण चालत.”

रविवारी जायचं ठरलं. त्याआधी शुक्रवारी दवाखान्याचा वर्धापनदिन होता.

मला काहीतरी भव्य करून दाखवायचं होतं. मुख्य दाराच्या दोन्ही बाजूंना फुग्यांचे जाडजूड खांब केले, मधली वाट अरुंद झाली. प्रशिक खुर्ची घेऊन आला तेव्हा पाहुणे गाडीतून उतरत होते.

“दामिनी, नाही जमत. एक खांब काढ.”

“आता? आज राहू दे ना... माझ्यासाठी.”

त्यानं खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “फक्त आज,” म्हणाला आणि खुर्ची भिंतीला लावली. मला केवढा आनंद झाला! त्या आनंदाची आजही लाज वाटते.

तासाभरानं काटोलहून आणलेल्या एका म्हाताऱ्या बाईंचं स्ट्रेचर धावत आत आलं. चाक दांडीच्या पायात अडकलं, कमान कोसळली, स्ट्रेचर कलंडलं. बाईंचं मनगट मोडलं. फुगे फटाफट फुटत होते, तरी त्यांचं ओरडणं मला ऐकू आलं.

व्यवस्थापक लालबुंद झाले होते. “परवानगी कोणी दिली?”

“मी,” प्रशिक म्हणाला.

मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं, ‘तो नाही म्हणत होता, हट्ट मी केला.’ पण इथलं काम सुटलं तर दुकान बसेल, या भीतीनं माझी जीभ उचललीच नाही. मी खाली बसून फुटके फुगे वेचत राहिले.

संध्याकाळी त्याची नोकरी गेली. त्याचा एकच फोन आला.

“गलती माझीच होती. पण तू चूप काहून राहिली वं?”

मी तेव्हाही चूपच राहिले. रविवार आला आणि गेला.

दोन वर्षं झाली त्याला. काल इतवारीजवळच्या एका दवाखान्यात कमान उभी केली. हल्ली मी आधी वाट मोजते, मग फुगे फुगवते. कमान पाहायला मागे सरकले... आणि चाकं करकरली.

प्रशिकच होता, आता इथल्या सुरक्षारक्षकाच्या गणवेशात. खळी दिसावी असं तो हसलाच नाही.

मी खुर्चीकडे पाहिलं. “मी... बसू?”

त्यानं रिकामी खुर्ची कमानीखालून आरपार नेली, परत आणली. कुठंच काही घासलं नाही.

“नको, ताई,” तो म्हणाला. “रिकामी चालते. जागा बरोबर सोडली तुम्ही.”