छतावरून पडलेलं फूल

मावशींनी वर्तमानपत्र उलगडलं, सुरकुत्या हाताने सारख्या केल्या आणि टेबलावर ठेवलं.

“वाचा,” त्या म्हणाल्या.

पोस्टमास्तरांनी वाचलं. साठ वर्षं जुन्या थिएटरच्या छताला आतून लावलेलं प्लास्टरचं फूल बुधवारी दुपारी कोसळलं होतं. फोटोत एका खुर्चीत भलामोठा तुकडा बसलेला. खाली मालकांचं म्हणणं होतं: ‘त्या काळच्या मिस्त्रीचं कामच निकृष्ट. खेळ चालू असता तर माणसं मेली असती. इमारत पाडण्यावाचून इलाज नाही.’

“तो मिस्त्री म्हणजे माझे वडील,” मावशी म्हणाल्या. “सव्वा वर्ष परांचीवर उताणे पडून त्यांनी ते छत घडवलं. मी नऊ वर्षांची होते, डबा घेऊन जायचे. या मालकाचे आजोबा रोज खालून हाक मारायचे, ‘मिस्त्री, उतरा आता, डोळे जातील.’ शेवटी गेलेच डोळे. आणि नातू म्हणतो निकृष्ट.”

समोर बसलेल्या भिंगबाईंनी वीस वर्षं विमा कंपनीसाठी पडझडीची पाहणी केली होती. आता त्या खासगी तपास करत. खरं नाव कधीच मागे पडलं होतं. पोस्टमास्तर निवृत्तीनंतर त्यांची टिपणं लिहायला येत. अक्षर सुरेख, डोकं जरा सावकाश, असं ते स्वतःच सांगत.

“फूल कसं बांधलं होतं?” भिंगबाईंनी विचारलं.

“आठ पाकळ्या. प्रत्येक पाकळी तांब्याच्या तारेने वर तुळईला. एवढंच मला ठाऊक. वर चढायला बाबा देत नसत.”

“पाहणी कधी आहे?”

“उद्या सकाळी. जुनी वास्तू, जतन समितीच्या परवानगीशिवाय पाडता येत नाही. त्यांनी धोकादायक म्हटलं की संपलं.”

तासाभरात तिघं थिएटरात होती. मलबा तसाच होता. समितीला दाखवायला मालकांनी मुद्दाम ठेवला होता. छतातलं भोक बरोबर मधल्या वाटेवर होतं आणि बहुतेक ढीगही वाटेतच. फक्त फोटोतला तुकडा वाटेपासून चौथ्या खुर्चीत होता.

पोस्टमास्तर थकून एका खुर्चीत टेकले. उठले तशी बैठक खाडकन वर मिटली आणि ते दचकले.

“सगळ्याच स्प्रिंगच्या आहेत,” सोबत आलेला थिएटरचा मॅनेजर म्हणाला. “कुणी नसलं की मिटतात.”

त्याची हकीकत साधी होती. बुधवारी दुपारचा खेळ नसतो. साडेबाराला धडाका ऐकू आला. दार उघडलं तर धुळीने काही दिसेना. त्याने दार बंद करून कुलूप लावलं आणि मालकांना फोन केला.

“ते दोनला आले, फोटोवाल्याला घेऊन. माझ्याकडून किल्ली घेतली आणि आधी एकटेच आत गेले. धोका नाही ना ते बघायला. पाचेक मिनिटांनी आम्हाला बोलावलं.”

भिंगबाईंनी चौथ्या खुर्चीतला तुकडा दोन्ही हातांनी जरासा उचलला. “मास्तर, बैठकीवर खाली आणि भोवती काय दिसतं?”

“लाल मखमल.”

“लिहा. फक्त लाल मखमल.”

मास्तरांनी लिहिलं, कशासाठी, ते त्यांना कळलं नाही.

मालक कचेरीत भेटले. मावशींना त्यांनी बसायलाही सांगितलं नाही.

“बाई, जुन्या मालाला काय अर्थ असतो? तेरा तारा, आणि तेराच्या तेरा कुजलेल्या.”

“तुम्ही वर जाऊन पाहिलंत?”

“छे. मी जन्मात वर गेलेलो नाही. मलब्यालाही बोट लावलेलं नाही.”

“कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं? दिसतंच आहे,” ते म्हणाले आणि घड्याळाकडे बघू लागले.

छताच्या वर जायची वाट ऑपरेटरच्या केबिनमधून होती. बत्तीस वर्षं सिनेमे दाखवणाऱ्या त्या माणसाने झडप उघडून दिली. केबिनला बाहेरून लोखंडी जिनाही होता, आगबिग लागली तर उतरायला.

“बुधवारी मी घरी होतो. फूल पडल्यापासून ही झडप मी आजच उघडतोय,” तो म्हणाला. “केबिनच्या किल्ल्या दोन. एक माझी, एक मालकांची.”

भिंगबाई आणि मास्तर गुडघ्यांवर रांगत तुळयांपर्यंत गेले. तारांची टोकं लोंबत होती. मास्तरांनी बॅटरी धरून मोजली. बाहेरच्या गोलात आठ, मध्ये गाभ्याला पाच. साऱ्या हिरव्या पडलेल्या, टोकं मात्र नव्या पैशासारखी लखलखीत.

दुसऱ्या दिवशी समितीचे अध्यक्ष छताकडे बघत उभे होते आणि मालक धोका समजावून सांगत होते. भिंगबाईंनी त्यांना बोलणं पूर्ण करू दिलं.

“अध्यक्षसाहेब, या खुर्च्या रिकाम्या असल्या की मिटलेल्या असतात. फूल पडलं तेव्हा हॉल रिकामा होता. मग तुकडा उघड्या बैठकीवर कसा बसला? आणि हॉलभर धूळ असताना त्याच्या भोवतीची मखमलही स्वच्छ कशी? धूळ बसत होती तेव्हा बैठक मिटलेली होती. धूळ खाली बसल्यावर कुणीतरी बैठक उघडली आणि तुकडा आणून ठेवला. वाटेत पडलेल्या ढिगाला बघून कोण घाबरणार? फोटोला खुर्ची हवी होती. साडेबारापासून हॉलला कुलूप. फोटोआधी आत एकटे गेले ते मालक.”

“सरकवला असेल एखादा तुकडा,” मालक म्हणाले. “म्हणून फूल मी पाडलं होत नाही.”

“तारा कुजून तुटत नाहीत अशा. कापल्या आहेत, टोकं अजून चमकतात. खालून त्या भोकात अंधाराशिवाय काही दिसत नाही; पाकळ्या मोजणारा आठ म्हणेल. मिस्त्रींच्या लेकीलाही आठच ठाऊक. गाभ्याला आणखी पाच आहेत, हे वर गेल्याशिवाय कळत नाही. तुम्ही काल तेरा म्हणालात. दुसरी किल्ली तुमची. बाहेरच्या जिन्याने चढलात, तारा कापल्यात आणि त्याच जिन्याने उतरून गेलात.”

मास्तरांना वहीत डोकं घालावंसं वाटलं.

“माझी इमारत आहे,” अखेर मालक म्हणाले. “पाडीन नाहीतर ठेवीन. कुणाच्या बापाचं काय जातं?”

“माझ्या,” मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण अध्यक्षांनीही टोपी काढली. “पाडायची होती तर स्वतःच्या नावावर पाडायची. डोळे गेलेल्या माणसाच्या माथी का मारलीत?”

समितीने इमारत पाडायला मनाई केली आणि पोलिसांना कळवलं. सोमवारी वर्तमानपत्रात खुलासा आला: सातव्या पानावर, निविदांच्या खाली, दोन ओळी. मिस्त्रींचा उल्लेखही नव्हता.

मावशींनी तो वाचला आणि चपला पायात घातल्या. मास्तर त्यांच्याबरोबर निघाले. वर्तमानपत्राच्या कचेरीत संपादक मीटिंगमध्ये असल्याचं कळलं. दोघं बाकावर बसून राहिली. दीड तासाने ते बाहेर आले आणि म्हणाले, “मावशी, खुलासा छापला की आम्ही.”

“खोटं पहिल्या पानावर, फोटोसकट,” मावशी म्हणाल्या. “मग खरं सातव्यावर का? माझ्या वडिलांचा फोटो आणला आहे. जागा होईपर्यंत मी बसते.”

संपादकांनी मास्तरांकडे पाहिलं. चाळीस वर्षं कुणाशी भांडण न केलेले मास्तर बाकावर आणखी ऐसपैस बसले.

“मीही,” ते म्हणाले.