भीमाकाकूंच्या दारातलं काळं कुत्रं

एक माणूस सोडला, तर हे सगळं मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतेय. मी बोलतेय आणि माझी भाची, प्रार्थना नाव तिचं, मोबाईलवर टाईप करतेय. विश्वास ठेवाच, असा माझा आग्रह नाही. पण यातलं एक अक्षर मी वाढवलेलं नाही. वाढवायचंच असतं, तर मी स्वतःला यात थोडं बरं दाखवलं असतं.

माझं नाव सारा. श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीपासून सात-आठ किलोमीटरवरच्या एका गावात मी आशा सेविका आहे. गावाचं नाव सांगत नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात.

तारीख होती १७ मे २०२३.

रात्र नव्हती. भर दुपार होती. बारा वाजून गेले होते.

पण त्या दुपारचं कळायला आधीचं थोडं ऐकावं लागेल.

त्याच वर्षी मार्चमध्ये मी सूर्यभान आजोबांच्या घरी गोळ्या द्यायला गेले होते. आजोबा वर्षभर अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या दारात एक काळं कुत्रं बसलं होतं. रस्त्याकडे पाठ आणि घराकडे तोंड.

मी त्याला ओलांडून आत गेले. गोळ्या दिल्या, निघाले. कुत्र्याचा विचारही केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा गेले.

वय झालेलं होतं. कुणालाच काही वाटलं नाही. मलाही नाही.

मग एप्रिल. आमच्या गावचा अमृत, वय बावीस, टेम्पो चालवायचा. त्याच्या बहिणीच्या बाळाचं वजन करायला मी दुपारी त्यांच्याकडे गेले. दारात तेच कुत्रं. तसंच, पाठ रस्त्याकडे.

मी म्हणाले, "अमृत, कुत्रं कधी पाळलंस रे?"

तो आतून हसत म्हणाला, "कुठलं कुत्रं, ताई? आमच्यात आईला कुत्र्याची लई भीती हाय."

मी वळून बघितलं...

दार मोकळं होतं.

दुसऱ्या दिवशी विहिरीवरची मोटर चालू करताना अमृतला शॉक बसला. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

त्या रात्री मला पहिल्यांदा ते कुत्रं नीट आठवलं. आणि त्याच्यात काय चुकीचं होतं, तेही आठवलं.

एवढ्या उन्हात त्याची जीभ बाहेर नव्हती.

तुम्ही उन्हाळ्यातलं कुत्रं बघा. धापा टाकत असतं, पोट भात्यासारखं हलत असतं. याचं तोंड बंद होतं. पोट हलत नव्हतं. डोक्यावर एक माशी नाही. तव्याच्या बुडाच्या काजळीसारखा नुसता काळा रंग. त्याच्यावर ऊन पडत होतं, पण चमकत नव्हतं.

मी ख्रिस्ती घरातली बाई. आमच्या घरी असल्या गोष्टी कुणी बोलत नाही. मीही कुणाला बोलले नाही. प्रार्थना केली आणि झोपले.

आता १७ मे.

गावाबाहेर लिंबाच्या बागा आहेत. त्यातल्या एका बागेला लागून गहिनीनाथचं घर. घरात तिघंच... गहिनीनाथ, त्याची बायको पंकजा आणि आई भीमाकाकू. पंकजाला साडेआठ महिने झाले होते. पहिलं बाळंतपण. आधी दोनदा तिचा गर्भ पडला होता. त्यामुळे भीमाकाकू तिला हंडा सोडाच, तांब्यासुद्धा उचलू देत नव्हत्या.

त्या घरचं मोती नावाचं तांबडं कुत्रं मला लांबूनच ओळखायचं. मी बागेच्या कडेला आले की भुंकत पळत यायचं.

त्या दिवशी ते आलं नाही.

बागेत एरवी साळुंक्यांचा गलका असतो. त्या दिवशी एक पाखरू बोलत नव्हतं...

मी वळणावर आले आणि थांबले.

दारात ते बसलं होतं.

पाठ माझ्याकडे. तोंड उंबऱ्याकडे. उघड्या दारातून आत बघत.

आणि मोती गोठ्यात गाईंच्या मागे, गव्हाणीखाली अंग चोरून पडला होता. थरथरत होता. आवाज मात्र काढत नव्हता.

हातातली पिशवी कधी खाली पडली, कळलं नाही.

पंकजा... माझ्या मनात एवढं एकच नाव आलं.

मी डोळे मिटून प्रभूचं नाव घेतलं. उघडले, तेव्हा दार रिकामं होतं.

मी धावतच आत शिरले. पंकजा फरशीवर पाय पसरून लसूण सोलत बसली होती. चेहरा हसरा. "या ताई, एवढ्या उन्हाच्या कशा?"

मी तिच्या पायावर अंगठा दाबला. पाय चांगले होते. सूज नव्हती.

तरी मी म्हणाले, "सूज आहे. आत्ताच्या आत्ता दौंडच्या दवाखान्यात जायचं."

खोटं बोलले मी. सरळ खोटं.

गहिनीनाथ जेवत होता. तो म्हणाला, "ताई, परवाच तर डाक्टरनी बघितलं. समदं बरं हाय म्हनले."

"परवाचं परवा. मी सांगते ते ऐक. सत्तारभाईंची गाडी बोलव."

१०८ ला फोन करायचा, तर त्यांना कारण काय सांगणार? कुत्रं दिसलं म्हणून?

सत्तारभाई बागेच्या पलीकडे राहतात. त्यांची ओमनी दहा मिनिटांत दारात आली. पंकजाला मागे बसवलं.

आणि भीमाकाकू आतून नवं लुगडं नेसून आल्या. हातात पिशवी, पिशवीत बाळासाठी शिवलेली दुपटी.

"मी बी येते. माझी सून हाय. मी घरी बसून काय करू?"

गाडीत जागा होती.

हे मी मुद्दाम सांगतेय. जागा होती.

पण मला घाई झाली होती. त्यांना गुडघ्याचा त्रास, चढायला-उतरायला वेळ लागतो. मी म्हणाले, "काकू, तुम्ही थांबा. संध्याकाळी धारा कोण काढणार? उगाच गर्दी नको. काही असलं तर फोन करते."

त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग पिशवी गाडीच्या खिडकीतून पंकजाच्या मांडीवर ठेवली.

"जप गं पोरी."

एवढंच म्हणाल्या. गाडी निघाली. मी मागे वळून बघितलं, तर त्या उंबऱ्यात उभ्या होत्या. एकट्या.

रस्त्यात पंकजा म्हणाली, "ताई, सकाळपासनं कंबर भरून आल्यावानी वाटतंय. सांगावं की न्हाई, कळंना."

मी सत्तारभाईंना गाडी जोरात घ्यायला सांगितली.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तपासलं. त्यांचा चेहरा एकदम बदलला. बाळाचे ठोके कमी होत होते. वार आतल्या आत सुटायला लागली होती. बाहेर काही दिसत नव्हतं, पण पोटात रक्त साचत होतं. लगेच ऑपरेशनला घेतलं.

साडेतीन वाजता मुलगी झाली. आधी रडली नाही. मग रडली.

डॉक्टरबाई बाहेर आल्या. "तुम्ही आणलंत त्यांना? तासाभरानं आणलं असतं, तर दोघीही हाताला लागल्या नसत्या."

मी भिंतीला टेकून खाली बसले आणि रडले. आनंदानं. खरं सांगते, मला वाटलं, मी जिंकले. ते जे काही होतं, त्याच्या तोंडातून मी दोन जीव काढून आणले.

पंकजाला रक्त लागणार होतं. गहिनीनाथ आणि सत्तारभाई ते आणायला गेले. मी बाहेरच्या बाकावर एकटी बसले होते.

पावणेपाचला माझा फोन वाजला.

भीमाकाकू.

"सारा, गहिन्या फोन उचलंना. काय झालं गं?"

"नात झाली, काकू! दोघी बऱ्या आहेत."

त्या हसल्या. मग हुंदका ऐकू आला. मग पुन्हा हसल्या. "कशी हाय? कुनावानी दिसती?"

"नाक तुमचं आहे."

"व्हय?" त्या खुदकन हसल्या. "आन् वजन..."

बोलता बोलता थांबल्या.

"काकू?"

"अगं, हे कुनाचं कुत्रं गं?"

मी बाकावरून उठले.

"काकू... कसलं कुत्रं?"

"काळं हाय. दारात बसलंय. हाड! हाड! उठंना बघ..."

"काकू, दार लावा! आत्ताच्या आत्ता दार लावा!"

"अगं, असं काय करतीस? कुत्रंच हाय की..."

आणि मला फोनमधून आवाज आला.

टक...

टक... टक...

फरशीवर नखांचा आवाज. सावकाश. घाई नसल्यासारखा.

"आत आलं बघ," भीमाकाकू म्हणाल्या. आवाज घाबरलेला नव्हता. एकदम हळू झाला होता.

मी ओरडत होते. दवाखान्यातली माणसं माझ्याकडे बघत होती. "काकू, बाहेर या! मागच्या दारानं बाहेर या!"

त्यांनी माझं ऐकलं की नाही, माहीत नाही. त्या बोलल्या, पण माझ्याशी नाही.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "नातीचं ऐकू दे."

नखांचा आवाज थांबला.

"सारा... काय म्हनत हुतीस? नाक माझ्यावानी हाय?"

"हो काकू," मी रडत म्हणाले. "अगदी तुमच्यासारखं आहे."

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

मग काहीच नाही.

फोन चालू होता. पण पलीकडे श्वास नव्हता, पंख्याचा आवाज नव्हता, गाईंचं हंबरणं नव्हतं. फोन कापसात गुंडाळल्यासारखी शांतता...

मी तो कापला आणि सत्तारभाईंच्या बायकोला, शरिफाभाभींना लावला. "पळत जा काकूंकडे! घरात कुत्रं आहे का बघा!"

पाच मिनिटांनी भाभींचा फोन आला. रडत रडतच त्यांनी सांगितलं.

भीमाकाकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मांडीवर मोबाईल. अंगावर ओरखडासुद्धा नाही. डोळे उघडे, दाराकडे. हृदय बंद पडलं, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

कुत्रं कुठंच नव्हतं.

पण गोठ्यातल्या तिन्ही गाई दावं ताणून पार पलीकडच्या कोपऱ्यात उभ्या होत्या, असं भाभी म्हणाल्या. दाव्यानं मानेला काचून रक्त आलं होतं. आणि मोती... तो त्या दिवशी गेला, तो पुन्हा कुणाला दिसला नाही.

चौदाव्या दिवशी मी गहिनीनाथला सगळं सांगितलं. लपवणं जमेना. मार्च, एप्रिल, त्या दिवशीची दुपार, माझं खोटं. सगळं.



"म्हंजी तुमाला ठाऊक हुतं."

"हो."

"मंग आईला का न्हाई गाडीत घेतलं?"

काय सांगू? मला वाटलं, ते पंकजासाठी आलंय. कदाचित तिच्यासाठीच आलं होतं, आणि ती नाही म्हटल्यावर घरात जे उरलं होतं, ते घेऊन गेलं. किंवा ते आधीपासून काकूंसाठीच बसलं होतं, आणि पंकजाचा त्याच्याशी काही संबंधच नव्हता. मग मी काकूंना स्वतःच्या हातानं त्याच्यासमोर एकटं ठेवून आले.

अजूनही रात्री मी हेच उलटसुलट करत बसते. तिसरं काही सुचत नाही.

गहिनीनाथ उठला. जाताना म्हणाला, "पंकजाला कळू देऊ नका. तिला वाटंल, आई तिच्या जागी गेली. ती पोरीचं तोंड बी बघायची न्हाई."

मी शब्द दिला. पंकजा हे वाचणार नाही, अशी मला आशा आहे. वाचलंच, तर पंकजा, मला माफ कर.

पण गावात गोष्टी राहत नाहीत. मी फोनवर शरिफाभाभींना कुत्र्याचं विचारलं होतं. त्यांनी घाबरून एकीला सांगितलं, तिनं दुसरीला. तिसरीपर्यंत ते 'ताईंच्या मागनं कुत्रं येतं' असं झालं.

त्यानंतर ते मला कधी दिसलं नाही. खरं म्हणजे, मीच बघायचं सोडलंय. कुणाच्याही घराजवळ आले की मान खाली घालते आणि उंबऱ्यापर्यंत पायाखालची माती बघत जाते. दिसलं, तर काय करायचं? सांगायचं? कुणाला? घरातल्या कुणाला उचलायचं आणि कुणाला मागे ठेवायचं?

परवा एका नव्या सुनेची नोंद करायला गेले होते. कडी वाजवली. तिनं दार अर्धंच उघडलं. मी हसले. ती हसली नाही. तिनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. ती माझ्या मागे, खाली, रस्त्याकडे बघत होती.

"ताई," तिनं हळूच विचारलं, "एकट्याच आलाय ना?"

"हो," मी म्हणाले.

मागे वळून बघायचं धाडस मात्र मला झालं नाही.